पार्टवरचे पांढरे डाग: शुद्ध पाणी नेमकं कुठे भरायचं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझी समजण्यात चूक झाली असेल तर लगेच कळेल. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत तुमचं छोटं युनिट आहे. स्टील, पितळ आणि ॲल्युमिनियमचे लेथवर काढलेले बारीक पार्ट तुम्ही २२ लिटरच्या, ४० किलोहर्ट्झच्या अल्ट्रासोनिक टाकीत, म्हणजे ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरींनी धुणाऱ्या टाकीत धुता. पाणी बोअरचं, त्यात वॉशिंग केमिकल, नंतर नळाखाली विसळणं. पार्ट ओला असतो तोवर आरशासारखा दिसतो, वाळला की पांढरे डाग. मशीन विकणाऱ्याने सांगितलं की टाकीत डीआय पाणीच, म्हणजे क्षार काढून टाकलेलं शुद्ध पाणीच भरा. तेवढे कॅन रोज आणायचे तर धुण्याचा खर्च मजुरीच्या वर जाईल, म्हणून तुम्ही विचारताय की शुद्ध पाणी खरंच लागतं का.

लागतं, पण धुवायच्या टाकीत लागत नाही. मी सतरा वर्षं चिंचोळी एमआयडीसीत पार्ट धुण्याचं आणि पॅकिंगचं काम बघते, आणि या एका गोष्टीवर लोकांचे सगळ्यात जास्त पैसे वाया जाताना पाहिलेत. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

डाग धुताना पडत नाही, वाळताना पडतो. बास्केट पाण्यातून वर काढली की प्रत्येक पार्टवर पाण्याचा पातळ थर राहतो, आट्यांत आणि भोकांत थेंब अडकतात. त्यातलं पाणी उडून जातं, पाण्यात विरघळलेलं मात्र कुठेच जात नाही. एक थेंब साधारण ०.०५ मिली धरा. बोअरचा टीडीएस, म्हणजे एका लिटरमागे विरघळलेले क्षार, १५०० मिलिग्रॅम असेल तर तो एक थेंब वाळल्यावर ०.०७५ मिलिग्रॅम क्षार मागे ठेवतो. ऐकायला हे काहीच नाही, पण चकचकीत पितळेवर ते लांबून दिसतं. बारीक पार्टची भरलेली बास्केट १०० मिली पाणी सहज बरोबर घेऊन बाहेर येते, म्हणजे १५० मिलिग्रॅम क्षार. तेच शेवटचं पाणी १० टीडीएसचं असेल तर फक्त १ मिलिग्रॅम. धुवायच्या टाकीत काय होतं यापेक्षा पार्टला शेवटचं कुठलं पाणी लागलं यावर डाग ठरतो.

हे माझ्या शब्दावर मानू नका, स्वतः करून बघा. जुन्या फोटोफ्रेमची काच घ्या, साबणाने स्वच्छ धुऊन पुसा, खाली काळा कागद ठेवा. एक थेंब बोअरचा, एक नळाचा, एक तुमच्या घरच्या आरओचा आणि एक बॅटरीत घालायच्या पाण्याचा, असे चार थेंब ओळीने ठेवा आणि पंख्याखाली वाळू द्या. बोअरच्या थेंबाचं पांढरं कडं उमटेल, काठाला जाड आणि मध्ये पुसट. बॅटरीच्या पाण्याचा थेंब कुठे होता ते शोधावं लागेल. आमच्याकडे नवीन मुलगा किंवा मुलगी कामावर आली की पहिल्या दिवशी मी हेच करायला लावते. एकदा ती काच पाहिली की मग बोअरच्या नळाखाली कुणी शेवटचं विसळत नाही.

आता टाकीत डीआय भरायच्या आधी एक तपासणी करा, कारण प्रत्येक पांढरा डाग क्षाराचा नसतो. डाग पडलेला पार्ट घ्या आणि डिस्टिल्ड पाण्यात भिजवलेल्या कापडाने पुसा. डाग गेला तर तो बहुधा वाळलेलं केमिकल आहे, म्हणजे विसळणं कमी पडतंय. पाण्याने गेला नाही, पण व्हिनेगरचा किंवा लिंबाचा थेंब टाकल्यावर फसफसून गेला, तर तो चुन्याचा क्षार. लिंबाने गेला नाही आणि पार्ट ॲल्युमिनियमचा असेल तर घात वेगळाच आहे. तुमचं केमिकल जास्त अल्कलाइन आहे आणि ते धातूच खातंय. तिथे जगातलं सगळ्यात शुद्ध पाणी आणलं तरी उपयोग नाही, ॲल्युमिनियमला चालणारं केमिकल घ्यावं लागेल. ही लिंबाची तपासणी झिंक प्लेटिंगच्या पार्टवर करू नका, आणि स्टीलवर केली तर लगेच धुऊन तेल लावा.

माझा अंदाज सांगू? तुमच्याकडे पहिल्या दोन्ही गोष्टी एकत्र आहेत. नळाखाली हाताने विसळताना वरचे पार्ट धुतले जातात, बास्केटच्या पोटातल्यांना फक्त ओघळ लागतो.

धुवायच्या टाकीत काम कोण करतं ते बघू. अल्ट्रासोनिकमुळे पाण्यात सूक्ष्म पोकळ्या तयार होतात आणि फुटतात, त्या फुटण्याचा मार पृष्ठभागावर बसतो. तेल सोडवून पाण्यात धरून ठेवायचं काम केमिकलचं. नुसतं शुद्ध पाणी तेल काढत नाही. डीआय पाण्यात मार जोरात बसतो असं तुम्हालाही सांगितलं असेल. मी घरात वापरतात ती ॲल्युमिनियमची फॉइल टाकीत अर्धा मिनिट उभी धरून दोन्ही पाण्यांत पाहिलं आहे. भोकं पडायची पद्धत जवळपास सारखीच होती. फरक दिसला तो ताजं पाणी आणि हवा काढलेलं पाणी यांत. टाकी भरल्या भरल्या पाण्यात हवा विरघळलेली असते आणि ती मार शोषून घेते. म्हणून टाकी भरली की पार्ट न टाकता दहा-पंधरा मिनिटं मशीन चालवा, बारीक बुडबुडे वर येऊन संपू द्या. तापमान ५० ते ६० अंश ठेवा. ७५-८० च्या पुढे पोकळीत वाफच भरते आणि मार मऊ पडतो.

याचा अर्थ टाकीत कसलंही पाणी चालतं असा नाही. जड पाणी, शाळेत ज्याला दुष्फेन म्हणायचे, ते केमिकल खातं. घरी बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही, गिझरच्या कॉइलवर चुना चढतो, तेच इथेही होतं. केमिकलमधला पाणी मऊ करणारा भाग कॅल्शियम आणि मॅग्नेशियमशी भांडण्यात संपतो, आणि तापवलेल्या पाण्यातला चुना टाकीच्या बुडाशी बसतो. ट्रान्सड्यूसर, म्हणजे या लहरी तयार करणारे भाग, त्याच बुडाला खालून चिकटवलेले असतात. बुडावर थर चढला, वर धातूचा बुरा साचला, की मार कमी होतो आणि बूड जागोजागी झिजतं. आमच्या जुन्या टाकीच्या बुडावर बोट फिरवलं तर बारीक खरखर लागायची. ती सायट्रिक ॲसिडने गेली नाही, कारण तो चुना नव्हता, पत्राच झिजला होता.

म्हणून धुवायच्या टाकीसाठी मऊ पाणी हवं, शुद्ध नव्हे. सोलापुरात डाईंगवाल्यांकडे जाऊन विचारा. पाणी जड असलं की रंग एकसारखा बसत नाही, म्हणून सॉफ्टनर हे त्यांच्या रोजच्या कामातलं यंत्र आहे. सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून घेतो आणि बदल्यात सोडियम देतो, अधूनमधून मिठाच्या पाण्याने तो पुन्हा तयार करायचा. त्याने जडपणा जातो, टीडीएस मात्र जवळपास तेवढाच राहतो. त्यामुळे धुवायच्या टाकीला सॉफ्टनरचं पाणी उत्तम, पण शेवटच्या विसळण्याला ते पुरत नाही. डाग पडतोच, फक्त ओल्या फडक्याने लवकर निघतो. सॉफ्टनर घ्यायचा नसेल तर सध्या बोअरऐवजी नळाचं साठवलेलं पाणी टाकीला वापरा.

इथे आपल्या गावची एक अडचण आहे. नळाला पाणी काही दिवसांआड येतं. साठा असतो तोवर उजनीचं पाणी, संपलं की बोअर, एप्रिल-मेमध्ये टँकर. एका आठवड्यात तीन प्रकारची पाणी त्याच टाकीत जातात. मग सोमवारचा लॉट स्वच्छ, गुरुवारच्या लॉटवर डाग, आणि आपण केमिकलवाल्याला फोन करून भांडतो. खिशात मावणारा टीडीएस मीटर घ्या आणि टाकी भरताना दर वेळी आकडा भिंतीवरच्या वहीत लिहा. मीटर जडपणा सांगत नाही, फक्त एकूण विरघळलेले क्षार अंदाजाने सांगतो, पण पाणी बदललं हे त्यात लगेच कळतं. ‘पाणी प्यायला चांगलं आहे’ यावर जाऊ नका. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, टीडीएस ५०० पर्यंत असावा असं म्हटलंय आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालतो. माणसाला चालणारं ते पाणी पितळेला पांढरं करतं.

अजून एक गोष्ट, जी सहसा कुणी सांगत नाही. गरम उघड्या टाकीतून पाणी उडतं आणि आपण वरून भर घालतो. उडताना फक्त पाणी उडतं, क्षार खालीच राहतात. रोज २ लिटर भर १२०० टीडीएसच्या पाण्याची घातली तर रोज २.४ ग्रॅम क्षार टाकीत वाढतात. सहा दिवसांत १४.४ ग्रॅम, म्हणजे तुमच्या २२ लिटरच्या टाकीत साडेसहाशे टीडीएसची नवी भर. टाकीला झाकण ठेवा, आणि भर घालायला खाली सांगते ते विसळण्याचं पाणी वापरा.

आमची पद्धत अशी आहे. धुवायच्या टाकीनंतर दोन प्लॅस्टिकचे टब. पहिल्या टबात साधं मऊ पाणी, दुसऱ्यात शुद्ध पाणी. धुतल्यावर बास्केट टाकीवरच अर्धा मिनिट तिरकी धरून निथळू द्यायची, हे अर्धं मिनिट फार पैसे वाचवतं. मग पहिल्या टबात बास्केट वर-खाली करत खळबळायची, पुन्हा निथळायची, मग दुसऱ्यात. हिशेब साधा आहे. बास्केटबरोबर २०० मिली पाणी आलं आणि टब २० लिटरचा असला तर केमिकल एका टबात शंभरपट पातळ होतं, दुसऱ्यात आणखी शंभरपट. नळाखाली दहा मिनिटं धरूनही इतकं होत नाही. बास्केटा वाढतील तसा दुसऱ्या टबाचा आकडाही वाढतो. तिथे मीटर बुडवत राहायचं. ५० च्या वर गेला की आम्ही पाणी बदलतो, दिसायच्या पितळी पार्टसाठी २० लाच. मग दुसऱ्या टबाचं पाणी पहिल्यात, पहिल्याचं धुवायच्या टाकीत भर म्हणून. शुद्ध पाण्याचा एक लिटर असा तीनदा कामाला येतो, आणि तुमची गरज रोजच्या २२ लिटरवरून बरीच खाली येते.

हे आकडे आमच्या पार्टचे आहेत. तुमचा पार्ट पुढे कुठे जातो यावर बरंच अवलंबून आहे. तेल लावून मशीनच्या आत बसणार असेल तर १०० टीडीएसलाही कुणी विचारणार नाही. प्लेटिंगला जाणार असेल, किंवा ग्राहक दिव्याखाली धरून बघणार असेल, तर १० च्या आत राहा.

आता सगळ्यात काळजीने सांगायची गोष्ट. ही मला फार महाग पडली आहे. सुरुवातीच्या वर्षांत डागांचा कंटाळा येऊन मी शेवटचं विसळणं थेट डीआय पाण्यात सुरू केलं. पावसाळ्याचे दिवस, ग्राइंडिंग केलेल्या स्टीलच्या पिनांचा लॉट. विसळून ट्रेमध्ये पसरल्या आणि आम्ही जेवायला बसलो. परत आले तर दोन पिना जिथे एकमेकींना टेकल्या होत्या, नेमक्या तिथे बारीक तपकिरी रेघ. बोट फिरवलं तर बोट पिवळं झालं. पुसून तेल लावून माल पाठवला आणि लॉट परत आला, कारण गंज पुसला तरी त्याखालचा खड्डा राहतो. चूक पूर्ण माझी होती.

कारण सरळ आहे. वॉशिंग केमिकलमध्ये बहुधा गंजरोधक असतं. आपण विसळून ते काढून टाकतो, पार्ट उघडा पडतो. शुद्ध पाण्यात प्राणवायू विरघळलेला असतोच, शिवाय ते हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं आणि थोडं आम्लधर्मी होतं, पीएच साडेपाच-सहाच्या आसपास येतो. त्यात गंज अडवणारं काहीच नाही. म्हणून साध्या स्टीलला आणि बिडाला शुद्ध पाणी लावणार असाल तर पुढची दहा मिनिटं आधी ठरवून ठेवा. शेवटच्या टबात पाण्यात मिसळणारं गंजरोधक घाला, प्रमाण पुरवठादार सांगेल तेवढंच. मग मीटरचा आकडा त्या केमिकलमुळे वाढेल, तो पाण्याचा समजू नका. त्याचा पातळ थर पार्टवर राहतो, म्हणून प्लेटिंग किंवा पेंटिंगला जाणाऱ्या मालाआधी विचारून घ्या. थर चालत नसेल तर शेवटचं पाणी ६०-७० अंश गरम ठेवा. पार्ट गरम होऊन बाहेर येतो आणि स्वतःच्या उष्णतेने वाळतो. लगेच हवा मारा, ओव्हनमध्ये घाला, आणि गार झाल्यावर तेल. पितळ आणि ॲल्युमिनियमला ही घाई इतकी नाही, पण तिन्ही धातू एका बास्केटमध्ये कधीच धुऊ नका. ओल्या अवस्थेत वेगळे धातू एकमेकांना टेकले की एकाचं नुकसान ठरलेलं.

हवा मारण्याबद्दल एवढंच, कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज सकाळी सोडा आणि लाइनला फिल्टर लावा. शुद्ध पाण्याने विसळलेल्या पार्टवर कॉम्प्रेसरमधलं तेलकट पाणी उडवणारी दोन युनिटं मी पाहिली आहेत. आणि आपल्या गावच्या टॉवेलचा मला अभिमान आहे, पण नवा टॉवेल रोवे सोडतो, पार्ट पुसायला तो घेऊ नका. मे महिन्यात शेडमध्ये इतकं तापतं की विसळून टेबलापर्यंत नेईस्तोवर पार्ट वाळतो. जड पाण्यात विसळत असाल तर तेव्हा डाग सगळ्यात जास्त दिसतील. शुद्ध पाण्याला तीच गरमी फायद्याची.

शुद्ध पाणी आणायचं कुठून? सुरुवातीला बॅटरीच्या पाण्याचे कॅन चालतील, पण प्रत्येक कॅन उघडला की मीटर बुडवा. काही कॅनमध्ये नुसतं आरओचं पाणी निघतं. रोजचं काम असेल तर छोटा आरओ घ्या. घरगुती आरओ वापरणार असाल तर त्यातला टीडीएस कंट्रोलर पूर्ण बंद करून घ्या. तो पाण्याला चव यावी म्हणून कच्चं पाणी परत मिसळतो आणि आपल्याला नेमकं तेच नको असतं. आरओचा मेंब्रेन, म्हणजे पाणी गाळणारा पडदा, चांगला असेल तर ९० ते ९५ टक्के क्षार अडवतो, म्हणजे १४०० चं बोअर ७० ते १४० वर येतं. त्याहून खाली हवं असेल तर आरओच्या पुढे मिक्स्ड बेड रेझिनची, म्हणजे उरलेले क्षार धरून ठेवणाऱ्या मण्यांची बाटली जोडा. रेझिन थेट बोअरवर लावू नका, बघता बघता संपतं. आरओ १ लिटर देताना दोन-तीन लिटर पाणी बाहेर टाकतो, पाणीटंचाईच्या गावात ते गटारात सोडणं जिवावर येतं. आम्ही ते ड्रममध्ये धरतो, फरशीला आणि संडासाला वापरतो. पार्टला मात्र ते लावू नका, ते बोअरपेक्षाही खारं असतं. एसीचं ठिबकणारं पाणी टीडीएसला छान दिसतं, पण त्यात कॉइलवरची धूळ आणि शेवाळ येतं, म्हणून मी ते घेत नाही. साठवायला झाकणाचा प्लॅस्टिक ड्रम ठेवा आणि दोन-चार दिवसांत वापरून टाका, साठून राहिलं की आतून बुळबुळीत होतं.

धुण्यालाच शुद्ध पाणी लागतं अशी कामं आहेत: लेन्स, सर्किट बोर्ड, कोटिंगला जाणारे पार्ट. तुम्हाला कधी असा छोटा लॉट आला तर पूर्ण टाकी बदलू नका. टाकीत नेहमीचं पाणी ठेवा, त्यात काचेचं बीकर बुडाला न टेकवता टांगा, बीकरमध्ये अर्धा लिटर शुद्ध पाणी आणि लागेल ते सौम्य केमिकल. काचेतून अल्ट्रासोनिक आत पोचतो. प्लॅस्टिकचं भांडं घेऊ नका, ते मार शोषतं. आणि ‘पाण्यापेक्षा हे बरं’ म्हणून कुणी टाकीत पेट्रोल, थिनर किंवा रॉकेल ओतायला सांगितलं तर ऐकू नका. हीटरवाली उघडी टाकी आहे ती, आग लागेल.

टाकीतलं पाणी टाकायची वेळ आली की मशीन आणि हीटर बंद करून रात्रभर शांत राहू द्या. सकाळी वर आलेलं तेल काढून वेगळ्या कॅनमध्ये भरा आणि जळकं ऑइल अधिकृतपणे नेणाऱ्याकडे द्या. खालचं केमिकलचं पाणीही गटारात सोडू नका, तुमच्या युनिटच्या परवान्यात सांडपाण्यासाठी जी सोय लिहिली असेल तिथेच जाऊ द्या. बुडाचा बुरा मऊ फडक्याने उचला, पत्र्याने किंवा घासणीने खरवडू नका. पाणी ठरलेल्या रेघेच्या वर येईपर्यंत मशीन चालू करू नका, कोरड्या टाकीवर ट्रान्सड्यूसर जातात आणि त्यांचा खर्च डीआयच्या कॅनपेक्षा फार मोठा असतो.